ब्लॅक अँड व्हाइट फिल्म आणि जुने मॅन्युअल कॅमेरे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना कॅमेरा हाती आला, पहिला रोल टाकला आणि निम्मे फोटो आलेच नाहीत, अशी तक्रार घेऊन बरेच जण येतात. बहुतेक वेळा कॅमेरा निर्दोष असतो. चूक रोल भरताना, प्रकाश मोजताना किंवा केमिकलच्या तापमानात झालेली असते, आणि ती नेमकी कुठे झाली हे निगेटिव्हवर स्पष्ट दिसतं. म्हणून इथे सगळ्यात मोठं उत्तर निगेटिव्ह कशी वाचायची याचं आहे.

पहिला कॅमेरा कोणता घ्यावा?

बॅटरी नसतानाही ज्याचं शटर चालतं असा. पेंटॅक्स के१००० (१९७६ ते १९९७ या काळात बनला) आणि निकॉन एफएम२ (१९८२ पासून) यांच्यात बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरसाठी लागते. ती संपली तरी कॅमेरा सगळ्या स्पीडवर चालत राहतो. कॅनन एई-१ देखणा आहे, भरपूर मिळतोही, पण बॅटरीशिवाय त्याचं शटर उघडत नाही. रशियन झेनिट-ई स्वस्त आणि दणकट आहे. मात्र त्याचे शटर स्पीड १/३० ते १/५०० सेकंद एवढेच आहेत आणि व्ह्यूफाइंडर अंधारा आहे.

आमचं मत विचाराल तर के१००० आणि ५० मिमीची लेन्स घ्या, आणि वर्षभर दुसरं काही घेऊ नका.

चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात कॅमेरा दिसला तर जागेवर काय तपासायचं?

सोबत मोबाइलचा टॉर्च ठेवा. मागचं झाकण उघडा, लेन्स उतरवा, कॅमेरा उजेडाकडे धरा आणि १/५०० वर शटर सोडा. क्षणभर पूर्ण चौकोन उजळलेला दिसला पाहिजे. एका बाजूला काळी पट्टी राहिली तर शटरच्या दोन पडद्यांचा वेग जुळत नाही. असा कॅमेरा दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावाच लागतो, तेवढा खर्च धरूनच भाव करा. मग १ सेकंदाचा स्पीड लावा. आवाज मध्येच अडखळला किंवा शटर उघडंच राहिलं तर आतलं ग्रीस सुकलं आहे. हा दोष दुरुस्त होतो.

लेन्स पूर्ण उघडी ठेवून मागून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर बुरशी आहे. कडेला एखादा धागा असेल तर फोटोत काही फरक पडत नाही, मध्यभागी पसरली असेल तर ती लेन्स सोडून द्या. शेवटी झाकणाच्या खाचेतला काळा फोम बोटानं दाबून पाहा. बोटाला चिकट काळं लागलं तर फोम विरघळला आहे. हा खर्चाचा दोष नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं खाच पुसून नवीन पातळ फोम घरीही लावता येतो. पण लावल्याशिवाय रोल टाकू नका, कडेनं उजेड शिरतो.

झोर्की किंवा फेड (हे जुने सोव्हिएत कॅमेरे) हातात घेतलात तर आधी फिल्म पुढे सरकवायची आणि मगच स्पीडची चकती फिरवायची. उलट केलं तर आतली यंत्रणा बिघडू शकते.

घरी आग्फा क्लिक थ्री सापडला आहे. तो अजून चालेल का?

चालेल. बडोद्यात बनलेला हा कॅमेरा महाराष्ट्रातल्या असंख्य घरांच्या माळ्यावर अजून आहे. त्यात १२० चा रोल जातो आणि ६×६ सेंटीमीटरचे १२ फोटो निघतात. शटर स्पीड एकच, फोकस ठरलेला. त्यामुळे ऊन पडलेलं असताना १०० आयएसओची फिल्म आणि ढगाळ दिवशी ४०० ची, एवढाच हिशेब (आयएसओ म्हणजे फिल्मची उजेडाला असलेली संवेदनशीलता). मागच्या लाल खिडकीवर काळी चिकटपट्टी लावून ठेवा आणि आकडा पाहण्यापुरतीच सावलीत उचला. आजच्या फिल्म लाल उजेडालाही संवेदनशील असतात.

मीटरला जुना पाऱ्याचा सेल लागतो, तो मिळत नाही. काय करायचं?

ऑलिंपस ओएम-१ किंवा मिनोल्टा एसआरटी-१०१ यांचं मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेलं आहे. त्याच आकाराचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला तर काटा जास्त उजेड दाखवतो आणि फोटो कमी एक्सपोज होतात. कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल घ्या. तो १.४ व्होल्टच्या आसपास असतो आणि औषधाच्या दुकानातही मिळतो. आकारानं थोडा लहान असल्यामुळे भोवती रबरी रिंग बसवावी लागते. त्यावरचा स्टिकर काढला की तो महिना-दोन महिन्यांत संपतो, वापरला नाही तरी. के१००० ला साधा एलआर४४ चालतो. त्याला मीटर बंद करायचं बटण नाही, म्हणून काम झालं की लेन्सला टोपी घाला, नाहीतर सेल उतरत राहील.

झेनिट-ई सारख्या सेलेनियम मीटरला सेल लागत नाही, पण वयानं ती मीटर मंदावतात. मोबाइलवरच्या लाइट मीटर ॲपशी ताडून पाहा.

कोणती फिल्म घ्यावी?

एकच निवडा आणि दहा रोल तीच वापरा. इलफर्ड एचपी५ प्लस (४०० आयएसओ) चुका पोटात घालते. केंटमिअर ४०० आणि फोमापॅन ४०० स्वस्त पडतात. भर उन्हात काम असेल तर एफपी४ प्लस (१२५) किंवा फोमापॅन १००. शटर १/५०० वरच थांबत असेल तर दुपारी ४०० च्या फिल्मवर एफ १६ (म्हणजे लेन्सचं अगदी लहान छिद्र) शिवाय पर्याय राहत नाही, आणि पार्श्वभूमी धूसर ठेवायची इच्छा मनातच राहते.

महिन्याला चार-पाच रोल होत असतील तर शंभर फुटांचं रीळ आणि बल्क लोडर (रिळातली फिल्म डब्यांत भरायचं साधन) घ्या. ३६ फोटोंचे साधारण १८ रोल निघतात.

उटीच्या कारखान्यातले जुने ‘इंदू’ रोल मिळाले आहेत. वापरू का?

प्रयोगासाठी जरूर. मुदत संपून झालेल्या दर दहा वर्षांमागे एक स्टॉप जास्त (म्हणजे दुप्पट) उजेड द्यायचा, असा ठोकताळा आहे. फॉग (सगळ्या फिल्मवर करडेपणा) येणारच. लग्न किंवा प्रवास असल्या रोलवर काढू नका.

रोल नीट भरला गेला हे कसं ओळखायचं?

अख्खा रोल कोरा निघण्याचं पहिल्या क्रमांकाचं कारण म्हणजे फिल्मची जीभ उजवीकडच्या चाकात अडकलेलीच नसणं. जीभ खाचेत घाला, एकदा फिल्म सरकवा आणि वरच्या व खालच्या दोन्ही बाजूंचे दात भोकांत बसलेले दिसले की मगच झाकण लावा. आता डावीकडची रिवाइंडची कळ बाणाच्या दिशेनं हलकेच फिरवून ढिली फिल्म ताणून घ्या. यानंतर प्रत्येक फोटोला फिल्म सरकवताना ही कळ आपोआप उलटी फिरताना दिसली पाहिजे. ती स्थिर राहिली तर फिल्म जागची हललेली नाही, फोटो मोजणारा आकडा काहीही म्हणो.

छत्तिसाव्या फोटोनंतर लिव्हर अडला तर जोर लावू नका, फिल्म फाटते. तळाचं बटण दाबून गुंडाळा. शेवटी हाताला एक हलका झटका जाणवतो आणि कळ एकदम सैल होते, तोवर झाकण उघडायचं नाही.

मीटरच नाही. उजेड कसा ठरवायचा?

स्वच्छ उन्हात एफ १६ ठेवा आणि शटर स्पीड फिल्मच्या आयएसओएवढा: १२५ च्या फिल्मला १/१२५, ४०० च्या फिल्मला १/५००. पातळ ढगात एफ ११, दाट ढगात एफ ८ ते ५.६, उघड्या आकाशाखालच्या सावलीत एफ ५.६ ते ४. वाड्याच्या ओसरीत किंवा झाडाखाली अंदाज हमखास चुकतो, कारण डोळा सरावतो आणि फिल्म सरावत नाही. तिथे आणखी एक स्टॉप द्या.

ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह फिल्मला दीड-दोन स्टॉप जास्त उजेड सहज पचतो. कमी पडलेला पचत नाही. सावलीतला तपशील फिल्मवर नोंदलाच गेला नाही तर कुठलंही केमिकल तो परत आणू शकत नाही. शंका आली की जास्त द्या.

मीटर असेल तर ज्या सावलीत तपशील हवा आहे तिथे ते रोखा आणि दाखवलेल्या आकड्यापेक्षा दोन स्टॉप कमी द्या. फेटा बांधलेला माणूस उन्हात उभा आहे आणि फेट्याखाली चेहरा काळोखात आहे, अशा वेळी मीटर पांढऱ्या फेट्याला भुलतं. जवळ जाऊन चेहऱ्यावरच रीडिंग घ्या आणि आहे तसं वापरा.

फिल्टर लागतातच का?

पिवळा एक ठेवा. त्यानं निळं आकाश थोडं गडद होतं आणि पावसाळी ढग उठून दिसतात. सुमारे एक स्टॉप खातो. नारिंगी साधारण दोन आणि लाल तीन. लाल फिल्टरनं सह्याद्रीवरचं आकाश जवळजवळ काळं येतं, पण हिरवी झाडीही काळवंडते. ऑगस्टमधल्या डोंगरासाठी म्हणूनच पिवळा बरा.

रोल जवळच्या कलर लॅबमध्ये धुवायला टाकला तर चालेल का?

नाही. कलर फिल्मच्या सी-४१ प्रक्रियेत चांदी काढून टाकतात आणि रंग मागे राहतो. साध्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये चांदी हीच प्रतिमा असते, त्यामुळे रोल कोरा परत येतो आणि मग काहीही करता येत नाही. इलफर्ड एक्सपी२ सुपर ही फिल्म मात्र मुद्दाम सी-४१ साठीच बनवलेली आहे. लॅबमध्ये रोल देताना डब्यावर मोठ्या अक्षरात ‘ब्लॅक अँड व्हाइट’ लिहा.

घरी धुवायचा तर काय काय लागेल?

डेव्हलपिंग टँक (उजेड न शिरणारा डबा) आणि त्यातलं फिल्म गुंडाळायचं स्पायरल, चेंजिंग बॅग (आत हात घालून अंधारात काम करायची काळी पिशवी), थर्मामीटर, मोजपात्र, दोन-तीन काळ्या बाटल्या, कात्री, चिमटे. डार्करूम लागत नाही, फक्त फिल्म टँकमध्ये जाईपर्यंत पूर्ण अंधार लागतो. लाल दिवा इथे चालत नाही. तो फोटो कागदावर छापताना वापरतात.

केमिकल तीन. प्रतिमा उमटवणारा डेव्हलपर, म्हणजे डी-७६ किंवा त्याच जातीचा आयडी-११. डेव्हलपिंग थांबवणाऱ्या स्टॉप बाथसाठी लिटरभर पाण्यात १५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व चालतं. आणि प्रतिमा पक्की करणारा फिक्सर, ज्याला जुने फोटोग्राफर हायपो म्हणतात.

डी-७६ तयार मिळाला नाही तर घरी बनवता येतो. ७५० मिली पाणी ५० अंशांवर घ्या, त्यात मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम याच क्रमानं विरघळवा आणि थंड पाण्यानं एक लिटर करा. मेटॉलच्या आधी सल्फाइटची फक्त चिमूट टाका. सगळं सल्फाइट आधी पडलं तर मेटॉल विरघळता विरघळत नाही. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा लागेल. हातमोजे घाला, मेटॉलनं काहींच्या त्वचेला खाज सुटते. द्रावण एक दिवस राहू द्या आणि मग वापरा. गळ्यापर्यंत भरलेल्या बाटलीत ते सहा महिने टिकतं, अर्ध्या रिकाम्या बाटलीत लवकर मरतं.

प्रत्यक्ष धुण्याचा क्रम सांगा.

एचपी५ प्लस, आयडी-११, एकास एक पाणी, हे उदाहरण घेऊ. पॅटरसनच्या टँकमध्ये ३५ मिमीच्या एका रोलला किमान २९० मिली लागतं, म्हणून १५० मिली डेव्हलपर आणि १५० मिली पाणी. २० अंशांवर १३ मिनिटं. ओतल्यावर पहिल्या १० सेकंदांत टँक चार वेळा उलटा-सुलटा करा, खाली ठेवताना तळ ओट्यावर टकटक आपटा म्हणजे बुडबुडे सुटतात. मग दर मिनिटाच्या सुरुवातीला पुन्हा चार वेळा. शेवटचे १५ सेकंद ओतून काढण्यात जातात, ते १३ मिनिटांतच धरा. हा डेव्हलपर एकदाच वापरायचा.

लगेच स्टॉप बाथ, अर्धा मिनिट. मग फिक्सर: इलफर्डचा रॅपिड फिक्सर एकास चार केला तर ३ ते ५ मिनिटं, साध्या हायपोला दहा. फिक्सर जिवंत आहे का ते आधी पाहा. रोलच्या कापलेल्या जिभेचा तुकडा उजेडातच त्यात बुडवा आणि तो पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. त्याच्या दुप्पट वेळ फिक्स करायचं. ताज्या फिक्सरपेक्षा दुप्पट वेळ लागू लागला की तो बदला.

धुण्यासाठी नळ सोडून ठेवायची गरज नाही, पाणीटंचाईच्या गावात तर नकोच. टँक पाण्यानं भरा, पाच वेळा उलटा करा, ओता. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा भरा, वीस वेळा. रॅपिड फिक्सर वापरला असेल तर एवढं पुरतं.

एप्रिल-मेमध्ये नळाचं पाणीच ३० अंशांच्या वर असतं. मग?

डेव्हलपरची बाटली बादलीत ठेवा आणि बादलीत बर्फ टाका. बर्फ डेव्हलपरमध्येच टाकू नका, तो पातळ होतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात २० वर टिकून राहणं अवघड आहे, म्हणून २४ अंश धरा आणि वेळ कमी करा: १३ मिनिटांचे साधारण सव्वानऊ होतात. एकेका अंशामागे वेळ ८ ते १० टक्के घटतो. वेळ ५ मिनिटांच्या खाली गेला तर फिल्म असमान धुतली जाते, म्हणून उन्हाळ्यात पाणी मिसळलेला डेव्हलपरच वापरावा. स्टॉप, फिक्सर आणि धुण्याचं पाणीही त्याच बादलीत ठेवा. सगळ्यांचं तापमान दोन-तीन अंशांच्या आत राहिलं पाहिजे.

फिल्म स्पायरलवर चढताना मध्येच अडकते.

स्पायरल ओलं आहे, नाहीतर तुमच्या हाताला घाम आहे. मुंबईत जुलैमध्ये चेंजिंग बॅगच्या आत दहा मिनिटांत दमट होतं आणि फिल्म प्लास्टिकला चिकटते. स्पायरल आदल्या दिवशी धुऊन पूर्ण वाळवा, फिल्मच्या टोकाचे दोन्ही कोपरे किंचित गोल कापा, आणि अडकली तर जोर न लावता दोन घर मागे घेऊन पुन्हा चढवा. फारच चिडचिड झाली तर फिल्म टँकमध्ये टाकून झाकण लावा, हात बाहेर काढा, पुसा, पंख्याखाली बसा. घाईत फिल्म मुडपली की त्या जागी चंद्रकोरीसारखा काळा डाग येतो आणि तो जात नाही.

फोटो नीट आले नाहीत. चूक कुठे झाली ते कसं कळणार?

निगेटिव्ह खिडकीशी धरा आणि आधी फोटो न पाहता कडेची पट्टी पाहा. तिथे कंपनीचं नाव आणि फोटोंचे आकडे असतात. ते कारखान्यातच उजेडानं उमटवलेले असतात आणि डेव्हलपरमध्येच दिसू लागतात. म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नाही, फक्त तुमच्या धुण्याचा आहे.

आकडे ठळक काळे आहेत आणि मधली फिल्म पूर्ण स्वच्छ: धुणं बरोबर, पण फिल्मवर उजेडच पडला नाही. रोल सरकला नव्हता, शटर उघडलं नव्हतं किंवा रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर (ज्यात लेन्समधून न पाहता वेगळ्या खिडकीतून पाहतात) टोपी राहिली होती. आकडेही नाहीत आणि सगळी फिल्म स्वच्छ: डेव्हलपर मेलेला होता किंवा फिक्सर आधी ओतला गेला. बाटल्यांवर लेबल लावा, रंगावर विसंबू नका.

आकडे फिके आणि फोटोही फिके: डेव्हलपिंग कमी झालं. थर्मामीटर तपासा. आकडे ठळक पण फोटो पातळ, सावल्या काचेसारख्या रिकाम्या: कॅमेऱ्यात उजेड कमी दिला. आकडे जाड आणि उजळ भाग अगदी काळे ठिक्कर: पाणी गरम होतं किंवा वेळ जास्त झाला.

फिल्म दुधाळ दिसते: फिक्सिंग अपुरं. घाबरू नका, ताज्या फिक्सरमध्ये परत टाका, तीही उजेडात. लहान गोल पारदर्शक ठिपके: बुडबुडे, टँक आपटला नाही. कडेच्या भोकांपासून आत जाणारे गडद पट्टे: टँक फार जोरात हलवला. प्रत्येक फोटोच्या एकाच जागी, भोकांच्या पट्टीपर्यंत पसरलेला काळा डाग: फोम गेलेला आहे. फ्लॅशच्या फोटोंचा अर्धाच भाग आलेला: स्पीड जास्त होता. कापडी पडद्याच्या शटरला बहुधा १/६० च्या वर फ्लॅश चालत नाही.

वाळल्यावर पांढरे डाग राहतात.

बोअरचं जड पाणी. शेवटचं बुडवणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये करा, गाडीच्या बॅटरीच्या दुकानात मिळतं तेच. त्यात वेटिंग एजंटचे (पाणी थेंब न धरता निथळावं म्हणून वापरायचं द्रव) दोन-तीन थेंब टाका, फेस येईल इतके नाही. फिल्म बाथरूममध्ये टांगा, खाली चिमटा लावा, पंखा बंद ठेवा. आधी गरम पाण्याचा नळ सोडून वाफ केली तर हवेतली धूळ खाली बसते.

कमी उजेडात ४०० ची फिल्म १६०० वर वापरता येते का?

हो, पूर्ण रोल त्याच आकड्यावर काढायचा. एचपी५ प्लसला आयडी-११ पाणी न मिसळता २० अंशांवर ४०० ला ७.५ मिनिटं लागतात, ८०० ला १०.५ आणि १६०० ला १४. सावल्या जातात, कण मोठे होतात. दिवे आणि चेहरे राहतात, म्हणून रात्रीच्या जत्रेला हे जमतं.

तिकाटण्यावर लांब एक्सपोजर देत असाल तर मीटरनं १० सेकंद सांगितले की एचपी५ ला २० द्या. लांब वेळेला फिल्मची संवेदनशीलता घटते.

पावसाळ्यात कॅमेरा कसा सांभाळायचा?

चामड्याच्या कव्हरमधून आधी बाहेर काढा, ते ओल धरून ठेवतं. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. आत छोटं आर्द्रतामापक टाकलंत तर उत्तम, ४० ते ५० टक्के हवी. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येतं. कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा कॅमेरा काढून दहा-पंधरा वेळा शटर चालवावं आणि लेन्सला थोडा उजेड दाखवावा. वापरात असलेल्या लेन्सला बुरशी क्वचित लागते.

वापरलेली केमिकल कुठे टाकायची?

डेव्हलपर आणि स्टॉप थोड्या प्रमाणात असतील तर भरपूर पाण्यासोबत शहरी गटारात चालतात. विहीर, शेत, सेप्टिक टँक इथे नाही. फिक्सरमध्ये चांदी विरघळलेली असते, म्हणून तो वेगळ्या कॅनमध्ये साठवा आणि जुन्या एक्स-रे फिल्ममधून चांदी काढणाऱ्याकडे द्या.

विमानप्रवासात रोल खराब होतात का?

सामानात चेक-इन केलेले रोल हमखास धोक्यात असतात, तिथलं स्कॅनिंग तीव्र असतं. रोल हातातल्या बॅगेत, पारदर्शक पिशवीत, डब्यांबाहेर काढून ठेवा आणि हातानं तपासायची विनंती करा. केबिन बॅगेच्या जुन्या एक्स-रेतून ४०० आयएसओची फिल्म एक-दोनदा गेली तर काही होत नाही. नव्या सीटी स्कॅनरमधून मात्र कुठलीच न धुतलेली फिल्म जाऊ देऊ नका. कॅमेऱ्यात अर्धा रोल असेल तर प्रवासाआधी तो संपवा, कारण कॅमेरा उघडून दाखवा म्हणाले तर तुमच्याकडे उत्तर नसतं.